पांढरे स्कोन

स्कोन म्हणजे काय, हे आधी सांगून टाकतो. कारण पुसदमध्ये राहून मला स्वतःला ते साठीनंतर कळले. मैदा, थंड लोणी, थोडे दूध आणि फुगण्यासाठी बेकिंग पावडर एवढेच साहित्य. लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चुरायचे, दुधाने जेमतेम गोळा जमवायचा, तो बोटभर जाडीचा थापायचा, वाटीने गोल कापायचा आणि ओव्हनमध्ये भाजायचा. गोड हवे असतील तर साखर आणि बेदाणे घालायचे, खारे हवे असतील तर मीठ आणि जे आवडेल ते. आपल्या पदार्थांत त्याची जागा शोधायची झाली, तर ती नानकटाई आणि रोडगा यांच्या मध्ये कुठेतरी सापडेल. हा चहाबरोबर खाण्याचा पदार्थ आहे. आमच्या घरी मात्र तो चहाबरोबर कधीच खाल्ला गेला नाही, कारण ज्या दिवसांत मी तो शिकलो, त्या दिवसांत माझ्या पत्नीला चहाचा कपही समोर नको असे.

फेब्रुवारीत तिला ताप आला आणि आठ दिवसांत उतरला. तापाबरोबर तिला वास येणे बंद झाले. सर्दीत होते तसे झाले असेल, असे समजून आम्ही दोघेही निश्चिंत होतो. महिन्याभराने वास परत आला, पण तो चुकीचा परत आला.

तो दिवस मला स्पष्ट आठवतो. मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. ती स्वयंपाकघरातून पदर नाकाला लावून बाहेर आली.

"अहो, मोरीत काही मेलं का पाहा बरं."

मी टॉर्च घेऊन मोरी पाहिली, सिलिंडरच्या मागे पाहिले, ओट्याखालचे डबे बाहेर काढले. उंदीर नव्हता, पाल नव्हती. गॅसवर कढईत कांदा परतत होता आणि त्याचा इतका सुरेख वास सुटला होता, की मला त्याही परिस्थितीत भूक लागली. मी तिला तसे सांगितले. ती कढईकडे पाहत राहिली. मग पुढे झाली, कढईवर वाकली आणि तोंड फिरवून मागच्या अंगणात पळाली.

त्या आठवड्यात एकेक पदार्थ गेला. लसूण गेला, फोडणी गेली, कॉफी गेली, भाजलेले शेंगदाणे गेले, तव्यावरची भाकरी गेली. कसला वास येतो, असे विचारले, की ती म्हणे, "सडलेल्याचा अन् जळलेल्याचा, दोन्ही एकदम." डॉक्टरांनी या प्रकाराचे एक लांबलचक नाव सांगितले आणि मी ते लिहून घेतले. ते म्हणाले, की वासाच्या नसा दुरुस्त होताना असे होते, बहुतेकांचे आपोआप बरे होते, पण किती महिने लागतील हे कोणी सांगू शकत नाही. तोवर जे पोटात जाईल ते जाऊ द्या. मे महिन्यात त्यांनी तिला काट्यावर उभे केले, आधीच्या कागदाशी आकडा ताडून पाहिला आणि मला एकट्याला आत बोलावले. "सर, असंच चाललं तर दाखल करावं लागेल. नाकातून नळी टाकून पोषण द्यावं लागेल. नाकातूनच, हे लक्षात घ्या. त्यांना ते किती सोसेल, सांगता येत नाही."

मी अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. संकट आले, की आधी त्याची विभागणी करावी, असे मी मुलांना सांगत आलो. म्हणून मी एक वही केली. डाव्या बाजूला पदार्थ, त्यापुढे त्यातले घटक, त्यापुढे तिने दिलेले उत्तर: शून्य म्हणजे वास नाही, दहा म्हणजे असह्य. प्रत्येक जेवणाला मी वही घेऊन तिच्यासमोर बसे आणि ती आकडा सांगे. पुढे पुढे घास तोंडात जाण्याआधीच ती आकडा सांगू लागली, म्हणजे मग घास घ्यावा लागत नसे. हे माझ्या लक्षात फार उशिरा आले.

आपला स्वयंपाक फोडणीपासून सुरू होतो, ही गोष्ट मी त्यापूर्वी कधी विचारात घेतली नव्हती. सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळात आमच्या गल्लीत एकही घर फोडणीवाचून राहत नाही. आम्ही आमचा गॅस बंद ठेवला, तरी डावीकडून मोहरी यायची, उजवीकडून लसूण यायचा, समोरून मिरचीचा ठसका यायचा. त्या दीड तासासाठी ती गच्चीवर जाऊन बसू लागली. मे महिन्यातली पुसदची गच्ची! पाण्याच्या टाकीची हातभर सावली पडे, त्या सावलीत ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन भिंतीला टेकून बसे. मी एक जुनी चादर टाकीपासून कठड्यापर्यंत बांधून दिली. शेजारच्या वहिनींनी खालून विचारले, "काय सर, एवढ्या उन्हात वर कायले बसवता वैनीले?" तुमच्या वरणाच्या फोडणीमुळे, असे कोणाला कसे सांगायचे? कुरड्या वाळत टाकल्या आहेत, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी वहिनी कुरड्या पाहायला वर आल्या.

तिच्या पोटात जात होते ते एवढेच: थंड दूध, दही, केळे आणि कधी सकाळचा गार भात किंवा गार इडली. पुढे भात-इडलीचाही तिला कंटाळा आला. मुलगी पुण्यात नोकरी करते. ती रोज फोन करी आणि फोनवर रडू नये म्हणून भराभर बोले.

"बाबा, आईला फोडणी चालत नाही ना? कांदा-लसूण चालत नाही ना? मग स्कोन करून बघा. त्यात यातलं काहीच नसतं. लोणी असतं, दूध असतं, पोटाला आधार होईल."

"मला पोळी लाटता येत नाही आणि तू मला ओव्हनवर बसवते आहेस."

"लाटायचं नाहीच आहे. तुम्ही प्रयोग समजून करा. साहित्य, कृती, निरीक्षण. वही असेलच हातात."

वही हातात होतीच. तिनेच मागे कधीतरी आणून दिलेला छोटा ओव्हन खोक्यातून काढला आणि मी कामाला लागलो.

पहिल्या खेपेला मी जी चूक केली, ती आपल्याच घरात होऊ शकते. पीठ म्हटले, की ते मळायचे असते, हे मी जन्मापासून पाहत आलो. लोणी चुरून झाले, दूध घातले आणि मी तो गोळा अंगातले सगळे बळ लावून मळला, दोन्ही मुठींनी तिंबला, वर तेलाचा हात लावला आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास मुरत ठेवला. खरे तर स्कोनचे पीठ जितके कमी हाताळावे तितके चांगले. मळले, की ते चिवट होते. माझे स्कोन ओव्हनमधून निघाले तेव्हा ताटलीत पडताना वाजले.

तिने एक हातात घेऊन वजन पाहिले. "हे खायचं हाये, का कुत्र्याले मारायचं?"

तीन महिन्यांत तिने केलेला तो पहिला विनोद होता. मी इतका हरखलो, की तिने तो तोंडाला न लावताच खाली ठेवला, हे मला दिसलेच नाही.

दुसरी अडचण लोण्याची होती. कृतीत लोणी थंड असावे असे लिहिले होते आणि आमच्या स्वयंपाकघरात ते कागद सोडवेपर्यंत वितळत होते. मी पहाटे पाचला उठू लागलो. परात, मैदा, किसणी, सगळे रात्रीच फ्रिजमध्ये ठेवायचो. लोणी किसून घेतले, की बोटांची ऊब कमी लागते, हे मला तेव्हा समजले. ही युक्ती कोणालाही उपयोगी पडेल.

मग मी जे केले, ते सांगायला मला संकोच वाटतो. मैद्याला एक कच्चट वास असतो. तिला वासाचाच त्रास, तेव्हा तो कच्चट वास काढून टाकावा, असे मी ठरवले. आपल्याकडे तो कसा काढतात? भाजून. रवा भाजतात, बेसन भाजतात, खोबरे, तीळ, खसखस सगळे भाजतात. माझी आई मंद आचेवर तासभर बेसन हलवत बसे आणि पुरेसे खमंग झाले, की शेजारणी न बोलावता दारात येत. म्हणून मी कढई चढवली, मैदा घातला आणि त्याच धीराने हलवत राहिलो. ती अंघोळ करून बाहेर आली आणि दारातच थांबली. भिंतीला हात लावून वाकली. पोटात काही नव्हते, पाणीच पडले.

"काय करून राह्यले तुमी?"

"कच्चा वास जावा म्हणून जरा खमंग भाजतोय."

ती मोरीच्या कडेला, ओल्या फरशीवर बसली.

त्यानंतर मी ओव्हन मागच्या अंगणात पत्र्याखाली नेला, लांब वायरचा बोर्ड जोडला आणि तिथेच बसू लागलो. गोड केले, बेदाण्यांचे. खारे केले, त्यात जिरे घातले आणि अर्थातच आधी भाजून, कुटून घातले. आठवी-नववी खेप असेल, स्कोन उत्तम फुगले. वरून सोनेरी, कडेला किंचित तांबूस, मधून आपोआप पडलेली भेग, अगदी मुलीने पाठवलेल्या छायाचित्रासारखे. तिला व्हिडिओवर दाखवले. "बाबा, दुकानातले वाटतायत!" ती ओरडली. त्याच दरम्यान पत्नीने मला पुढच्या खोलीत झोपायला सांगितले होते. कारण सांगितले नव्हते. माझ्याच अंगाचा तिला वास येत असावा, हे मी ओळखले होते. मी साबण बदलला, मग साबण बंद केला, दिवसातून तीनदा अंघोळ केली. तिच्या खाटेजवळ गेलो, की ती श्वास रोखून धरी आणि तसे वाटू नये म्हणून हसे. चाळीस वर्षांच्या संसारात मला इतके परके कधी वाटले नव्हते.

तो सोनेरी स्कोन मी बशीत घालून तिच्यापुढे नेला. तिने माझ्याकडे पाहिले आणि केवळ माझ्यासाठी एक तुकडा तोंडात घातला. चावला नाही. गालात धरून बसली. डोळ्यांतून पाणी येऊ लागले तशी उठून बेसिनपाशी गेली. मी वही उघडली.

"किती? शून्य ते दहामध्ये..."

"अहो, मी काय तुमची सातवीतली पोरगी हाये काय?" ती इतक्या मोठ्याने बोलली, की बाजूच्या घरातला टीव्ही बारीक झाला. "तीन महिने झाले, किती येते, किती येते, हेच चालू हाये तुमचं. कायचा येते, हे इचारलं काय एकदा तरी?"

"सडल्याचा येतो, असं तूच..."

"तसा येते, पण येते कशानं, ते इचारा ना! कच्चा कांदा चालते मले. परवा मूठभर कच्चे दाणे खाल्ले मी, तुमाले दिसलं नाही, तुमी अंगणात भट्टी पेटवून बसले होते. परतलं की येते. भाजलं की येते. लाल झालं की येते. अन् तुमी पहाटपासून त्या भट्टीपाशी बसता अन् तोच वास अंगावर घेऊन माझ्यापाशी येता. मंग मी काय करू?"

मी वही पुन्हा पाहिली. एका ओळीत दूध, एका ओळीत इडली, एका ओळीत केळे. शून्य, एक, शून्य. दुसरीकडे भाकरी, टोस्ट, कॉफी. नऊ, नऊ, दहा. मी प्रत्येक पदार्थाचे घटक लिहिले होते. तो विस्तवावर किती लाल झाला, यासाठी रकानाच आखला नव्हता. उत्तर तीन महिने माझ्या अक्षरात माझ्यासमोर होते आणि त्या तीन महिन्यांत तिचे खांद्याचे हाड पदरातून दिसू लागले होते. मी तिला "चुकलो" असे म्हणालो. ती बेसिनला टेकून उभी होती, तिच्यात भांडण पुढे न्यायचेही त्राण उरले नव्हते.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "लाल करू नका. पांढरंच राहू द्या."

"कच्चं राहील ते."

"इडली काय कच्ची असते?"

दुपारी मी बसस्टँडमागच्या बेकरीत गेलो. बेकरीवाला माझा जुना विद्यार्थी. आता त्याचीच मुले कॉलेजात आहेत. दिवाळीत अर्धे गाव तूप-साखर-मैद्याचे डबे घेऊन त्याच्याकडे नानकटाई भाजून घ्यायला येते. त्याने गल्ल्यावरून उठून खुर्ची पुढे केली.

"बैठो सर. तुमी कायले आले उन्हात, फोन करायचा."

मी विचारले, की मैद्याची वस्तू आतून शिजावी, पण वरून रंग चढू नये, यासाठी काय करावे.

"सर, आमच्या धंद्यात पांढरं राह्यलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारते. अन् तुमी पांढरं मागून राह्यले!" तो हसला. मग माझा चेहरा पाहून त्याने हसणे थांबवले. "मॅडमसाठी काय?"

मी मान हलवली. त्याने कारण विचारले नाही. बिस्किटाच्या पुठ्ठ्यावर त्याने मला लिहून दिले: वरचा कॉइल बंद, फक्त खालचा चालू; आच निम्मी, वेळ दुप्पट; ट्रे फॉइलने घट्ट झाकायचा; आत एका वाटीत पाणी ठेवायचे. "साखर टाकू नका, सर. साखर पहिले लाल होते. दुधाऐवजी दह्याचं पाणी घ्या. अन् गरम द्यायचं नाही. थंड झाल्यावर वास बसते."

पहिला पांढरा घाणा मधे कच्चा राहिला. दुसरा शिजला, पण फुगला नाही. दरम्यान डॉक्टरांकडे गेलो, तर काटा आणखी खाली आला होता. त्यांनी दहा दिवसांची मुदत दिली आणि दाखल होण्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादीही दिली. त्या यादीची घडी तिने माझ्या हातून घेतली, उलगडली नाही, पर्समध्ये ठेवली. रिक्षात ती म्हणाली, "नळी नका घालू देऊ मले." मी हो म्हणालो. माझ्या हातात नसलेल्या गोष्टीला मी आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या ठामपणे हो म्हणालो असेन.

चार दिवसांनी स्कोन जमले. मीठ घातलेले, दह्याच्या पाण्यातले, बिनसाखरेचे. दिसायला ते अगदीच बिचारे होते. आजारी माणसाच्या तळव्यासारखा रंग, वर ना चमक ना भेग. कोणत्याही परीक्षकाने ते नापास केले असते. मी ते फ्रिजमध्ये गार केले, अंगणात अंघोळ केली, धुतलेले कपडे घातले आणि बशी तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवून दारापाशी खुर्ची घेऊन बसलो. वही मी आतच ठेवली होती.

तिने एक तुकडा तोडला, हुंगला. थांबली. पुन्हा हुंगला. दह्यात बुडवून तोंडात घातला आणि चावला. तिच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता. शिवण उसवताना होतो, तसा चेहरा होता. दुसरा तुकडा. तिसऱ्याला ती मध्येच थांबली, डोळे मिटले, पदर तोंडाशी नेला. मी खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसलो. कसा आहे, हा प्रश्न माझ्या जिभेवर इतका आला होता, की मला दात दाबून धरावे लागले. तिने गिळले. पाणी प्यायली. बाहेर समोरच्या घरात कुणीतरी फोडणी घातली, तशी मी उठून खिडकी लावली आणि परत जागेवर बसलो.

एक स्कोन संपायला तिला पाऊण तास लागला. मुदतीतले चार दिवस संपले होते, सहा उरले होते आणि एका स्कोनने काटा वर जात नाही, एवढे गणित मला येते. तिने बशीतला चुरा बोटाने गोळा केला, पण तोंडात घातला नाही. बशी बाजूला सारली.

"अजून किती हायेत?"

"पाच."

"झाकून ठेवा," ती आडवी होत म्हणाली. "चार वाजता एक खाऊन पाहीन."